ग्लासगोतला फ्लॅट विकायचाय, होम रिपोर्ट कुणाकडून करून घ्यायचा?

क्लाइडकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही ग्लासगोच्या साउथसाइडला राहतो, जुन्या टेनेमेंटमधला, म्हणजे सामायिक जिन्याच्या दगडी इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, घेऊन नऊ वर्षं झाली. आता नवऱ्याची नोकरी लीड्सला गेलीये आणि सप्टेंबरात मुलीची शाळा तिकडे सुरू व्हायला हवी, म्हणून फ्लॅट विकायला काढायचाय. आम्ही घेतला तेव्हा आधीच्या मालकाने दिलेला होम रिपोर्ट, म्हणजे सर्व्हेअरने घर तपासून दिलेला अवस्थेचा आणि किमतीचा अहवाल, किंमत बघण्यापुरता चाळला होता, आता तोच आपल्याला करून द्यायचाय म्हटल्यावर काही सुचत नाहीये.

झालंय असं की दोन एजंट घरी येऊन गेले. पहिला म्हणाला आमचं पॅकेज घ्या, होम रिपोर्ट त्यातच येतो, आत्ता एक पेनीही देऊ नका, घर विकलं की त्यातून कापून घेऊ, आणि आमचा सर्व्हेअर किंमत चांगली लावतो. दुसरा म्हणाला सर्व्हेअर तुम्ही निवडा, हवं तर मी तीन नावं देतो. मग मी स्वतःच तीन ठिकाणी फोन केले, तर सगळ्यात स्वस्त सर्व्हेअर आणि ते पॅकेज यांच्यात जवळजवळ २०० पौंडांचा फरक. वरून लीड्सची मैत्रीण म्हणते की असलं काही लागतच नाही, ती भानगड सरकारने केव्हाच बंद केली, एजंट तुला गुंडाळतोय.

तर हे खरंच सक्तीचं आहे का? असेल तर स्वस्तातला घ्यावा की एजंटचा? आणि अजून एक, आमच्या खिडकीखाली, म्हणजे पुढच्या मोठ्या बे विंडोच्या डाव्या कोपऱ्यात, हाताच्या तळव्याएवढा ओलीचा डाग आहे, पावसाळी हवेत गडद होतो. तो रिपोर्टच्या आधी रंगवून घ्यावा का? कुणी नुकतंच घर विकलं असेल तर प्लीज सांगा, रात्र रात्र झोप लागत नाहीये.

लीथवॉक

ताई, आधी मैत्रिणीचं. ती खोटं सांगत नाहीये, पण ती इंग्लंडचं सांगतेय. स्कॉटलंडचा कायदा वेगळा. इथे २००६ च्या हाउसिंग अ‍ॅक्टखाली १ डिसेंबर २००८ पासून होम रिपोर्ट सक्तीचा आहे आणि आजही आहे. घर बाजारात आणायच्या आधी तो हातात पाहिजे, नसला तर कौन्सिलचे ट्रेडिंग स्टँडर्ड्सवाले, म्हणजे ग्राहकांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारा विभाग, ५०० पौंड दंड लावू शकतात. कुणी खरेदीदाराने मागितला तर ९ दिवसांत द्यावा लागतो. हल्ली एजंट ईमेलवर लगेच पाठवतात त्यामुळे ९ दिवसांचा प्रश्न फारसा येत नाही, पण नियम असा आहे.

सूट आहे पण तुम्हाला ती लागू नाही. कोरं नवीन घर बिल्डरकडून पहिल्यांदाच विकलं जात असेल, किंवा दुकान आणि वरचं घर असं एकत्र विकायचं असेल, तिथे लागत नाही. आणि जाहिरात न करता, बाजारात न आणता थेट ओळखीतल्या माणसाला विकलं तरी लागत नाही. शेजाऱ्याच्या मुलाला परस्पर विकणार असाल तर वेगळं, नाहीतर करावाच लागेल.

हा कायदा का आला ते मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. २००७ मध्ये आम्ही एडिनबरात घर शोधत होतो. तेव्हा पद्धत अशी होती की आवडलेल्या प्रत्येक घराचा सर्व्हे खरेदीदाराने स्वतःच्या पैशाने करायचा आणि मग बंद पाकिटात ऑफर टाकायची. आम्ही चार घरांचे सर्व्हे केले, तीन घरं हातची गेली, तीन सर्व्हेचे पैसे पाण्यात. त्याच घराचा सर्व्हे आमच्यासारखे अजून चारपाच जण करत असायचे, कधीकधी तर तोच सर्व्हेअर. शिवाय जाहिरातीतली किंमत मुद्दाम कमी ठेवायची म्हणजे माणसं गोळा होतात, ते वेगळंच. म्हणून ठरलं की विकणाऱ्याने एकदाच सर्व्हे करायचा आणि सगळ्यांनी तोच वाचायचा. तुम्हाला आज खर्च वाटतोय पण विकत घेणाऱ्याच्या बाजूने बघा, फार मोठा दिलासा आहे हा.

रिपोर्टचे तीन भाग असतात. पहिला सिंगल सर्व्हे, ज्यात घराची अवस्था आणि किंमत दोन्ही येतं, तो आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेच्या नोंदणीकृत सर्व्हेअरनेच करायचा. दुसरा एनर्जी रिपोर्ट, ए ते जी अशी श्रेणी, ती जाहिरातीतही छापावी लागते. आणि तिसरी प्रॉपर्टी क्वेश्चनेअर, म्हणजे घराबद्दलची प्रश्नावली, ती तुम्ही स्वतः भरायची. लोक पहिल्या दोनासाठी जीव टाकतात आणि तिसरी सोफ्यावर बसून दहा मिनिटांत उरकतात, तसं करू नका.

आणि घाई करून आत्ताच करून ठेवू नका. घर बाजारात येतं त्या दिवशी रिपोर्ट १२ आठवड्यांपेक्षा जुना असता कामा नये. सॉलिसिटर, म्हणजे व्यवहाराचा वकील, ठरवा, पसारा आवरा, फोटोची तारीख घ्या आणि त्याच आठवड्यात सर्व्हेअरला बोलवा.

मिसिव्हवाली

मी एका सॉलिसिटरच्या ऑफिसात कन्व्हेयन्सिंगचं, म्हणजे घरांच्या खरेदीविक्रीच्या कागदपत्रांचं, काम करते, रोज दोनतीन होम रिपोर्ट डोळ्याखालून जातात, त्यामुळे निवडायचा कसा यावर जरा सविस्तर लिहिते.

ताई, २०० पौंडांचा फरक बाजूला ठेवा आणि प्रत्येक सर्व्हेअरला पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही कोणकोणत्या बँकांच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य सर्व्हेअरांच्या यादीत, आहात. कारण असं, तुमचं घर घेणारा माणूस बहुतेक वेळा मॉर्गेज काढणार. त्याची बँक तुमच्या होम रिपोर्टमधल्या किमतीवर विश्वास ठेवून कर्ज द्यायला तयार झाली तर त्याला वेगळं व्हॅल्युएशन करावं लागत नाही, तोच सर्व्हेअर बँकेच्या नमुन्यात रिपोर्ट उतरवून देतो आणि काम पुढे सरकतं. सर्व्हेअर त्या बँकेच्या पॅनेलवर नसेल तर बँक आपला माणूस पाठवणार, त्यात दिवस जाणार, आणि त्याने किंमत कमी लावली तर सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून. स्वस्तातला रिपोर्ट तिथे महाग पडतो. मोठ्या सर्व्हे कंपन्या बहुतेक सगळ्या बँकांच्या पॅनेलवर असतात, एकट्याने काम करणारे काही जण नसतात. काम दोघंही चांगलं करत असतील, पण विचारून घ्या.

दुसरा प्रश्न, रिफ्रेशचे किती घेणार. घर लवकर गेलं नाही आणि रिपोर्टला १२ आठवडे उलटून गेले तर कायद्याने नवा करावा लागत नाही, घर सलग बाजारात आहे तोवर तोच चालतो. पण बँकांना किंमत ताजी लागते, म्हणून सर्व्हेअर परत येऊन नजर टाकून तारीख आणि आकडा नवा करून देतो. कुणी यासाठी थोडे पैसे घेतं, कुणी अर्धी फी लावतं. फोनवरच विचारा आणि ईमेलमध्ये लिहून मागा.

तिसरं, सर्व्हेअर तुमच्या भागात नेहमी काम करतो का. टेनेमेंट ही वेगळी जात आहे. सँडस्टोन कुठे झिजतो, स्लेटचं छप्पर, दगडी धुराडी, जिन्याची कॉमन जागा, हे रोज बघणाऱ्याला कळतं. साउथसाइडला एका रस्त्यावरचा फ्लॅट आणि दोन रस्ते सोडूनचा फ्लॅट यांच्या किमतीत फरक असतो, लांबून आलेल्या माणसाला तो पटकन दिसत नाही.

आता तो पहिला एजंट. आमचा माणूस किंमत चांगली लावतो, हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. सर्व्हेअर स्वतंत्र असायला हवा, एजंटशी त्याचे काही हितसंबंध असतील तर ते त्याने सांगायला हवेत, आणि त्याच्या रिपोर्टवर तुमच्याइतकाच खरेदीदारही विसंबणार असतो, चूक झाली तर तो त्याला जबाबदार धरू शकतो. त्यामुळे कुठलाही शहाणा सर्व्हेअर एजंटच्या सांगण्यावरून आकडा फुगवणार नाही, आणि फुगवलाच तर बँकेच्या डोळ्यात येतो. एजंटमार्फत रिपोर्ट मागवण्यात वाईट काही नाही, निम्मे लोक तसंच करतात. फक्त तीन गोष्टी बघा: रिपोर्टवर ग्राहक म्हणून तुमचं नाव आहे का, एजंट बदलला तर रिपोर्ट तुमच्याबरोबर येतो का, आणि घर विकलंच नाही किंवा तुम्ही विचार बदललात तर ते नंतर द्यायचे पैसे कधी द्यावे लागतात. नंतर द्या म्हणजे फुकट नव्हे. बऱ्याचदा काही महिन्यांनी घर विको न विको बिल येतंच, आणि त्यात वरखर्च चढलेला असतो.

किमतीबद्दल अजून एक, कारण इथे खूप जणांचा गोंधळ होतो. समजा रिपोर्टमध्ये २ लाख पौंड आले, तुम्ही ऑफर्स ओव्हर १ लाख ९५ हजार, म्हणजे याच्या वरच्या ऑफर द्या, असं लावलेत आणि क्लोजिंग डेटला, म्हणजे ऑफर द्यायच्या शेवटच्या तारखेला, कुणी २ लाख १५ हजार दिले. बँक कर्ज २ लाखांच्या हिशोबाने देणार, वरचे १५ हजार त्या माणसाने पदरचे रोख घालायचे. म्हणून आकडा मुद्दाम कमी आला तर खरेदीदाराला रोख जास्त लागते, आणि अवाच्या सवा आला तर लोक घर बघायलाच येत नाहीत. खरा आकडाच सगळ्यात सोयीचा.

यॉर्कशायरचा_वारा

लीड्सवाल्या मैत्रिणीची बाजू मी मांडतो कारण मी दोन्ही बघितलंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये होम इन्फर्मेशन पॅक नावाचा प्रकार होता, लोक हिप म्हणायचे. १ ऑगस्ट २००७ ला आधी चार आणि जास्त बेडरूमच्या घरांना लागू झाला, मग सप्टेंबरात तीन बेडरूमच्या, आणि १४ डिसेंबर २००७ पासून सगळ्यांना. आम्ही २००९ मध्ये रेडिंगचा फ्लॅट विकला तेव्हा करावा लागला होता. आम्हालाही हाच प्रश्न पडला होता, एजंटचा घ्यावा, सॉलिसिटरचा की इंटरनेटवरून स्वस्तातला. आम्ही स्वस्तातला घेतला. त्यात कौन्सिलच्या नोंदींचा जो सर्च, म्हणजे शोध अहवाल, होता तो कौन्सिलकडून अधिकृत न घेता एका खासगी कंपनीच्या माणसाने जाऊन बघून लिहिलेला होता, खरेदीदाराच्या सॉलिसिटरने तो मान्यच केला नाही, पुन्हा करायला लावला, तीन आठवडे गेले. खरेदीदार थांबला म्हणून निभावलं.

पण दोन्हींमध्ये मोठा फरक आहे तो लक्षात घ्या. हिपमध्ये कागद होते, मालकीचे, सर्चचे, लीजचे, एनर्जी सर्टिफिकेट, पण घराची अवस्था कशी आहे ते सक्तीचं नव्हतं. तो होम कंडिशन रिपोर्ट सुरुवातीला ठरला होता, पण २००६ मध्येच सरकारने ऐच्छिक केला. मग खरेदीदाराला छप्पर गळतंय का, भिंतीत ओल आहे का हे त्यातून कळेना, त्याला आपला सर्व्हे करावाच लागे. आमचा पॅक खरेदीदाराने उघडून तरी बघितला का याची मला शंका आहे. शेवटी २१ मे २०१० पासून नव्या सरकारने ते थांबवलं, एनर्जी सर्टिफिकेट तेवढं ठेवलं. स्कॉटलंडने नेमका उलटा रस्ता धरला, अवस्था आणि किंमत आधी, म्हणून तिकडचं टिकलं असं माझं मत आहे.

क्लाइडकाठताई, यातून तुमच्यासाठी महत्त्वाचं असं की लीड्सला घर घ्याल तेव्हा तुम्हाला होम रिपोर्ट कुणी देणार नाही. विकणारा माहितीचे फॉर्म भरून देईल, पण सर्व्हे तुम्हाला तुमच्या पैशाने करायचाय. आणि बँक जे व्हॅल्युएशन करते त्याला सर्व्हे समजू नका, ते बँकेसाठी असतं. जुनं घर घेणार असाल तर आरआयसीएसचा लेव्हल ३, म्हणजे सगळ्यात सखोल सर्व्हे, करा, तिथे पैसे वाचवू नका.

क्लाइडकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, निदान सक्तीचं आहे हे पक्कं कळलं आणि मैत्रिणीलाही पाठवलं.

काल मिसिव्हवालीताईंचे प्रश्न घेऊन परत फोन केले. जो सगळ्यात स्वस्त होता त्याला पॅनेलचं विचारलं तर म्हणाला काही बँका आहेत, यादी पाठवतो, अजून आलेली नाही. ज्यांचा दर मधला होता त्या सर्व्हेअर बाईंनी लगेच यादी पाठवली, रिफ्रेशचा आकडा पण लिहून दिला आणि आमच्या रस्त्याचं नाव सांगितल्यावर म्हणाल्या की तिथले जिने टाइल लावलेले आहेत ना, म्हणजे माहितीय त्यांना. बहुतेक त्यांनाच सांगेन.

पण आता दुसरीच धाकधूक. क्वेश्चनेअर डाउनलोड करून बसले तर त्यात बदल केलेत का, भिंती काढल्यात का असं विचारलंय. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये पूर्वी भिंत होती, ती आता नाहीये. आम्ही काढलेली नाही, आम्ही घेतला तेव्हाच तसं होतं. आमच्याकडे कसलेच कागद नाहीत. तेव्हाच्या सॉलिसिटरने काही विचारलं होतं की नाही तेही आठवत नाही. हे लिहावं का? एकजण म्हणाला आम्ही केलं नाही म्हणजे नाही असं लिहा आणि गप्प बसा. आणि ओलीच्या डागाचं कुणी बोललंच नाही.

ग्रॅनाइटवहिनी

डागाचं मी सांगते, कारण मी ती चूक केलीये. आमचं अ‍ॅबर्डीनचं घर दोन वर्षांपूर्वी विकलं. मागच्या बेडरूमला वॉर्डरोबच्या मागे ओल होती, मिस्टरांनी दोन दिवस आधी डाग लपवणारा प्रायमर मारून वर पांढरा रंग दिला, खोलीभर वास. सर्व्हेअर आला, शांत गृहस्थ, हातात ओल मोजायचं दोन टोकदार पिना असलेलं यंत्र. त्याने प्रत्येक बाहेरच्या भिंतीला खाली, गुडघ्याच्या उंचीवर, दर दोनतीन फुटांवर त्या पिना टेकवल्या. नव्या रंगावर टेकवल्या तशी यंत्राने बारीक टिकटिक सुरू केली आणि ती जलद होत गेली. तो काही बोलला नाही, फक्त वाकून रंगाचा वास घेतला आणि लिहिलं. रिपोर्टमध्ये ओल तर आलीच, पण नुकताच रंग दिलेला आहे हेही आलं, आणि घर बघायला येणारा प्रत्येक माणूस पहिला त्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावायचा. मला इतकं वाईट वाटायचं.

त्यापेक्षा पाणी कुठून येतंय ते बघा. आमच्याकडे बाहेर गटरच्या जोडात गवत उगवलं होतं, तेवढंच. तुमच्या बे विंडोच्या वर पण बहुधा गटर नाहीतर दगडांमधला सांधा असेल. टेनेमेंट असेल तर फॅक्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या व्यवस्थापकाला, कळवा, कॉमन दुरुस्ती आहे. दुरुस्ती झाली आणि बिल हातात असलं तर सर्व्हेअरला दाखवता येतं, डाग राहिला तरी चालतो. सर्व्हेअर प्रत्येक भागाला १, २, ३ अशी वर्गवारी देतो. १ म्हणजे लगेच काही करायला नको, २ म्हणजे पुढे लक्ष द्यावं लागेल, ३ म्हणजे तातडीचं. जुन्या घराला दोनचे आकडे खूप दिसतात, घाबरू नका, दगडी घर बघणाऱ्यांना त्याची सवय असते. तीन मात्र लोकांना थांबवतो, म्हणून एखादी गोष्ट तीनमध्ये जाईल असं वाटत असेल तर ती आधी करून घ्या, बाकी सोडून द्या.

आणि तयारी करा म्हणजे काय ते सांगते. सर्व्हेअर नुसतं डोळ्यांनी बघतो, तो सामान हलवत नाही, कार्पेट उचलत नाही. आमच्या माळ्याच्या झाकणाखाली मी खोके रचून ठेवले होते, तर त्याने लिहिलं की तपासता आलं नाही. खरेदीदाराला वाटलं आम्ही काहीतरी लपवतोय. मग परत बोलवलं, शिडी लावून डोकं आणि खांदे आत घालून टॉर्चने बघून गेला, सगळं ठीक निघालं, पण दहा दिवस गेले. तुमच्याकडे माळा नसेल, पण बॉयलरचं कपाट, मीटर, सिंकखालची जागा, बाहेरच्या भिंतींजवळची जागा मोकळी ठेवा.

रिपोर्ट आला की पीडीएफ तसाच एजंटला ढकलू नका, ओळ न ओळ वाचा. आमच्यात गॅस हीटिंगच्या जागी इलेक्ट्रिक लिहिलं होतं आणि त्यामुळे एनर्जीची श्रेणीही खाली गेली होती. फोन केला, बॉयलरच्या सर्व्हिसचा कागद पाठवला, दोन दिवसांत दुरुस्त करून दिलं. त्यांचं मत बदलणार नाही, पण चुकीची माहिती असेल तर बदलतात.

अजून एक आठवलं. आम्ही मध्येच कंटाळून घर बाजारातून काढलं, सहा आठवडे. परत लावायला गेलो तर एजंट म्हणे नवा होम रिपोर्ट. चार आठवड्यांच्या आत परत लावलं असतं तर जुना चालला असता. हे आम्हाला कुणीच आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

मिसिव्हवाली

भिंतीचं लिहा ताई. स्पष्ट लिहा. आम्ही केलं नाही म्हणून नाही असं लिहायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, झाकली मूठ इथे चालत नाही. ती क्वेश्चनेअर तुमच्या सहीने जाते, उद्या खोटी निघाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. तसंही सर्व्हेअरला टेनेमेंटचा मूळ आराखडा पाठ असतो, आत शिरल्या शिरल्या त्याला कळतं की इथे भिंत होती, आणि तो रिपोर्टमध्ये लिहितो की परवानग्या तपासून घ्या. म्हणजे पहिल्या भागात बदल केलाय आणि तिसऱ्या भागात नाही, असं दिसणार. खरेदीदाराचा सॉलिसिटर हे दोन्ही शेजारी ठेवूनच वाचतो. मी तर तेच करते.

तुम्ही असं लिहा की आम्ही अमुक वर्षी घेतलं तेव्हा स्वयंपाकघर आणि हॉल एकत्रच होते, हा बदल आधीच्या मालकाच्या काळातला आहे, आणि त्याची कागदपत्रं शोधतोय.

आता शोधायची कशी. पहिलं, तुम्ही घर घेतलंत तेव्हाच्या सॉलिसिटरला ईमेल करा, जुनी फाइल मागा, त्यात बिल्डिंग वॉरंट (बांधकामाची कौन्सिलची परवानगी) आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट (काम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला) सापडण्याची बरीच शक्यता असते, कारण तेव्हाही कुणीतरी हा प्रश्न विचारला असणार. तुमचा तेव्हाचा होम रिपोर्टही काढा, त्यात आधीच्या मालकाने काय लिहिलं होतं ते बघा, वर्ष मिळून जाईल. नाही सापडलं तर कौन्सिलच्या बिल्डिंग स्टँडर्ड्स विभागाकडे पत्त्यावरून नोंदी बघता येतात. तिथेही वॉरंट नाही असं निघालं तर काम कधीचं आहे त्यावर ठरतं. १ मे २००५ नंतर झालेलं असेल तर आता मागाहून कम्प्लिशन सर्टिफिकेटसाठी अर्ज करता येतो, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून भिंतीच्या जागी बीम नीट बसवलाय का ते सांगावं लागतं. त्याआधीचं असेल तर कौन्सिलकडून लेटर ऑफ कम्फर्ट मिळतं, म्हणजे माणूस येऊन बघून जातो आणि आम्ही यावर कारवाई करणार नाही असं पत्र देतात. दोन्हींना फी आहे आणि आठवडे लागतात, म्हणून आजच ईमेल टाका. ऑफर हातात आल्यावर हे सुरू केलं की मिसिव्ह, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांची सौदा पक्का करणारी पत्रं, अडकून पडतात आणि तुमच्यासारखी शाळेची तारीख डोक्यावर असेल तर जीव टांगणीला लागतो.

क्वेश्चनेअरमध्ये फॅक्टरचंही येईल, महिन्याला किती, इमारतीत कुठलं मोठं काम ठरलंय का. आठ फ्लॅटच्या जिन्यात छपराचं काम निघालं तर वाटा मोठा असतो, खरेदीदार ते आवर्जून वाचतात. कौन्सिल टॅक्सचा बँड, पार्किंग, ओलीवर किंवा लाकडावर पूर्वी काही उपचार केले असतील तर त्याची गॅरंटी, हे सगळं कागद समोर ठेवून भरा, आठवणीवर नको.

आणि स्मोक अलार्म बघून घ्या. फेब्रुवारी २०२२ पासून इथल्या सगळ्याच घरांना एकमेकांशी जोडलेले अलार्म लागतात, हॉलमध्ये एक, पॅसेजमध्ये एक, स्वयंपाकघरात हीट अलार्म, गॅस बॉयलर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा. तुमचा हॉल आणि स्वयंपाकघर एकच झालंय, तर कुठे काय बसवायचं ते बसवणाऱ्याला विचारा.

लीथवॉक

भिंतीबद्दल मिसिव्हवालीताई म्हणतात ते शंभर टक्के. आम्ही घेतलेल्या घरात विकणाऱ्या आजोबांनी क्वेश्चनेअरमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की १९९० च्या सुमाराला शॉवर बसवला, कागद नाहीत, पण गळत नाही. ते वाचून आम्हाला त्या माणसाबद्दल इतकी खात्री वाटली की बाकी सगळंही खरंच असणार असं धरून चाललो, आणि खरंच होतं.

क्लाइडकाठची

परत लिहितेय कारण कुणाला तरी उपयोग होईल.

जुन्या सॉलिसिटरने फाइल काढून दिली. त्यात २००१ सालच्या बिल्डिंग वॉरंटची प्रत निघाली, बीमच्या नकाशासकट! कम्प्लिशन सर्टिफिकेट मात्र नाहीये, ते कौन्सिलकडे मागितलंय, तिथल्या बाई नोंद दिसतेय म्हणाल्या, प्रत पाठवतील. नऊ वर्षं तो कागद तिथे पडून होता आणि आम्हाला पत्ता नाही.

फॅक्टरचा माणूस शिडी घेऊन आला, बे विंडोच्या वरच्या शिशाच्या पत्र्याला चीर गेलीये, त्यातून पाणी आत. दुरुस्ती पुढच्या मंगळवारी, खर्च आठ जणांत. डाग तसाच ठेवलाय.

एजंट दुसरा घेतला आणि सर्व्हेअर त्या जिन्याच्या टाइलवाल्या बाई. दुरुस्तीनंतर दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी साडेनऊला येतायत. स्वस्तवाल्याची यादी अजून आली नाही. पुढच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट नवऱ्याने काल भिंतीपासून दीड हात पुढे ओढून ठेवलंय आणि मुलीने त्या फटीत आपली शाळा मांडलीये.